कात्री, पेन्सिल आणि माऊस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फोटोशॉप शिकायला बसलेल्या मुलामुलींच्या पडद्यावर डाव्या हाताला छोट्या छोट्या चित्रांची एक उभी पट्टी असते. त्यातलं एक चित्र काडीवरच्या गोळीसारखं, म्हणजे लॉलीपॉपसारखं दिसतं. त्याच्याच मागे दडलेलं दुसरं चित्र असतं एका हाताचं, बोटं वळवून मधे भोक ठेवलेल्या मुठीचं. पहिल्याने फोटोतला भाग उजळतो, दुसऱ्याने काळवंडतो. पहिल्याचं नाव ‘डॉज’, दुसऱ्याचं ‘बर्न’. विद्यार्थी ही नावं आणि त्यांची कळफलकावरची बटणं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पास होतात. उजळायला गोळी का आणि काळं करायला मूठ का, हे बहुधा कुणी विचारत नाही. कुणी सांगतही नाही.

ही दोन्ही चित्रं डार्करूममधून आली आहेत. एन्लार्जरच्या भिंगातून निगेटिव्हमधला उजेड खाली ठेवलेल्या कागदावर पडतो आणि जिथे तो जास्त वेळ पडेल तिथे कागद जास्त काळा होतो. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा चेहरा फेट्याच्या सावलीत गेला असेल, तर छापणारा माणूस तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावायचा आणि चार-पाच सेकंद ती चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाच्या आड धरून हलवत राहायचा. हलवायची अशासाठी, की स्थिर धरली तर तिची कडा उमटते. ही झाली डॉज, उजेडाला चकवणं. उलट नवरीचा शालू पांढराफटक आला असेल, तर दोन्ही हात जुळवून बोटांमधल्या फटीतून तेवढ्याच जागी जादा उजेड पाडायचा. ती बर्न. आज माऊसने तेच होतं. फक्त हात ओले होत नाहीत आणि कपड्यांना हायपोचा वास येत नाही.

मी ज्या वर्गात डिजिटल इमेजिंग शिकलो, तिथे निम्मी मुलं छपाईच्या दुकानांतून आली होती आणि उरलेली थेट बारावीनंतर. फोटो धारदार करणारी आज्ञा शिकवायचा दिवस आला की वर्गात हशा व्हायचा, कारण तिचं नाव आहे ‘अनशार्प मास्क’, म्हणजे ‘अस्पष्ट मुखवटा’. अस्पष्ट करून स्पष्ट कसं होणार? याचं उत्तरही डार्करूममध्येच आहे. मूळ निगेटिव्हवरून मुद्दाम जराशी धूसर आणि फिकी अशी पॉझिटिव्ह फिल्म करायची, ती निगेटिव्हला नेमकी जुळवून लावायची आणि दोन्हींच्या आरपार छापायचं. मोठे, सपाट भाग एकमेकांना थोडे खोडतात. बारीक रेषा धूसर फिल्ममध्ये उमटलेल्याच नसतात, म्हणून त्या न खोडता शिल्लक राहतात आणि उठून दिसतात. ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिचं गणित केलं आणि नाव तसंच ठेवलं.

तीच गोष्ट लाल रंगाची. फोटोतला एखादा भाग झाकून ठेवायचा असेल तर पडद्यावर त्याच्यावर लाल काचेसारखा पापुद्रा चढतो. ऑफसेटच्या धंद्यात ज्यांनी हयात घालवली, ते हा पापुद्रा लगेच ओळखतील. प्लेट करण्यापूर्वी रुबीलिथ नावाची लाल फिल्म ब्लेडने अचूक कापून नको तो भाग झाकत असत. त्या कामाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. माणसाला त्यातून आरपार दिसे, त्यामुळे कापणं सोपं, आणि फिल्मच्या लेखी मात्र तो भाग काळाकुट्ट.

फिल्मला अमुक रंग दिसतो आणि तमुक दिसत नाही, या एका अडचणीतून फोटो जोडण्याचा बराचसा इतिहास सुरू झाला.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनच्या काचेची पद्धत जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षं जगभर तीच चालली. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ती बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन धुवायची. वाळली की गेली. या काचेला निळा रंग फार लवकर दिसे. हिरवा आणि लाल जवळजवळ दिसतच नसत. परिणाम असा, की झाडं, घरं, जमीन नीट उमटेपर्यंत आकाश इतकं भाजून निघे की छापल्यावर नुसता पांढरा कागद. ढग नाहीत, काही नाही. त्या काळातल्या देखाव्यांच्या फोटोंत आभाळ कोरं दिसतं ते हवामानामुळे नव्हे.

फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमाराला समुद्राची काही चित्रं काढली. लाटाही स्पष्ट आणि वरचे ढगही, त्यामुळे लोक चकित झाले. त्यातल्या काहींत त्याने दोन निगेटिव्ह वापरल्या होत्या, एक समुद्राची आणि एक आभाळाची. जोड घातला क्षितिजाच्या रेषेवर, कारण तिथे कडा आधीच असते. चांगले ढग मिळाले की माणूस ते वाया घालवत नाही. त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर तेच आभाळ पसरलेलं सापडतं. आज एखाद्या विद्यार्थ्याने हॉटेलच्या जाहिरातीत दुसरीकडचं आभाळ आणून चिकटवलं तर आपण म्हणतो, संगणक आला आणि फोटोवरचा विश्वास उडाला. तो उडायला फोटोच्या शोधानंतर वीस वर्षंसुद्धा लागली नव्हती.

त्या काळी जोडकाम कसं करत, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण आजचे ‘लेयर’ त्यातूनच समजतात. एन्लार्जर तेव्हा रुळलेला नव्हता. निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. संवेदनशील कागद तिच्याखाली दाबून उन्हात ठेवायचा आणि चित्र हळूहळू डोळ्यांदेखत उमटत जायचं. मग एका निगेटिव्हमधला हवा तेवढा भाग सोडून बाकीचा कागद काळ्या मखमलीने किंवा काळ्या कागदाने झाकायचा, ऊन दाखवायचं. नंतर छापलेला भाग झाकायचा, दुसरी निगेटिव्ह नेमक्या जागी बसवायची, पुन्हा ऊन. ढग आडवा आला तर वेळेचं गणित चुकलं. मधल्या एका निगेटिव्हला डाग पडला तर सगळा कागद फुकट. ‘अनडू’ नाही.

या पद्धतीचा कळस केला ऑस्कर रेलँडर या मूळच्या स्वीडिश, पण इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्टनला स्थायिक झालेल्या चित्रकाराने. १८५७ साली मँचेस्टरला कलावस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं. तिथे त्याने ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाचं नाव असलेलं एक चित्र मांडलं. नभोवाणीवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा आपण डोळ्यांपुढे आणा. रंगमंचासारखी कमान. मधोमध एक वृद्ध, त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण. एक तरुण वळतो जुगार, मद्य, विलास यांच्याकडे. दुसरा अभ्यास, कष्ट आणि भक्तीकडे. भोवताली माणसंच माणसं. एवढी माणसं एकाच वेळी एका भिंगासमोर स्थिर बसवणं अशक्यच होतं. रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह वेगवेगळ्या काढल्या आणि एकेक करून जोडल्या. राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत आपल्या नवऱ्यासाठी विकत घेतली.

पण स्कॉटलंडच्या फोटोग्राफिक सोसायटीने हे चित्र प्रदर्शनात घ्यायचं नाकारलं. कारण त्यातल्या अर्धवस्त्र स्त्रिया. रंगवलेल्या चित्रात अशी स्त्री चालत होती, फोटोत नाही, कारण फोटोत ती ‘खरीच’ तिथे असणार ना! गंमत बघा, सगळं जोडकाम आहे हे उघड असताना आक्षेप मात्र खरेपणाचा. पुढच्या वर्षी रेलँडरने लंडनच्या सोसायटीपुढे आपली रीत जाहीरपणे समजावून सांगितली, काहीही लपवलं नाही. त्याने त्याचे टीकाकार वाढले. आता म्हणू लागले, तुकडे जोडलेलं हे चित्र फोटोग्राफी म्हणायचंच कशाला? या वादाला तो पुढे इतका कंटाळला की असली जोडचित्रंच त्याला नकोशी झाली. १८७५ साली तो वारला तेव्हा त्याची आर्थिक स्थिती हलाखीची होती.

त्याचाच समकालीन हेन्री पीच रॉबिन्सन. १८५८ सालच्या त्याच्या एका चित्रात क्षयाने मरणासन्न झालेली मुलगी उशांवर रेलून पडली आहे. दोन बायका शेजारी आहेत, आणि पाठमोरा बाप खिडकीतून बाहेर बघतो आहे. पाच निगेटिव्हचं जोडकाम. मुलगी चांगली धडधाकट होती, आजारी दिसण्याचा अभिनय करत होती. लोक संतापले. कुणाच्या घरातल्या मरणात भिंग घुसवायचं म्हणजे काय! हाच प्रसंग रंगवून भिंतीवर लावला असता तर तो डोळे पुसत पाहिला गेला असता. रॉबिन्सन मात्र डगमगला नाही. आधी कागदावर आराखडा काढायचा, मग त्याबरहुकूम तुकडे टिपायचे, ही शिस्त त्याने घालून दिली आणि १८६९ साली या विषयावर पुस्तकही लिहिलं. क्लासमधल्या मुलांना मी नेहमी सांगतो, यंत्र चालू करण्याआधी पेन्सिल घ्या. हा सल्ला माझा नव्हे, रॉबिन्सनचा.

इंग्लंड-फ्रान्समध्ये हे चाललं असताना मुंबई फार मागे नव्हती. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या नामांकित हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. आपल्याकडच्या फोटो शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची वंशावळ लिहायची तर तिची सुरुवात या वर्गापासून करावी लागेल. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

याच मुंबईत विल्यम जॉन्सन हा इंग्रज छायाचित्रकार होता, सोसायटीच्या उभारणीतला एक. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचं दोन खंडांचं पुस्तक लंडनहून काढलं. पहिला खंड १८६३चा, गुजरात, कच्छ आणि काठेवाडच्या लोकांचा. दुसरा १८६६चा, महाराष्ट्रातल्या लोकांचा. अस्सल फोटो पानांवर चिकटवलेले आणि प्रत्येकासोबत त्या समाजाची माहिती. हिंदुस्थानातल्या माणसांचं असं फोटोंचं पुस्तक त्याआधी क्वचितच निघालं असेल.

या पुस्तकातली माणसं स्टुडिओत टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचे देखावे बाहेर, निराळ्या वेळी. माणसांची आकृती वेगळी काढून देखाव्यावर बसवली आहे. आज ज्याला आपण ‘कट-आउट करून बॅकग्राऊंड बदलणं’ म्हणतो आणि जे क्लासच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवतात, ते मुंबईत १८६०च्या दशकात झालेलं आहे. त्यामागे तांत्रिक कारण होतंच. घोळक्याला उन्हात दाटीवाटीने उभं करून, सगळे स्थिर राहतील आणि मागची इमारतही स्पष्ट येईल अशी आशा ओल्या काचेकडून कोण करणार? शिवाय ती काच भिजवायला आणि धुवायला डार्करूम जवळ हवी, ती स्टुडिओत असायची.

पण जॉन्सन आणि रेलँडर यांच्यात एक मोठा फरक आहे आणि मला या सगळ्या इतिहासात तोच महत्त्वाचा वाटतो. रेलँडरचं चित्र पाहणाऱ्याला कळत होतं की हे रूपक आहे, नाटक आहे. जॉन्सनचं पुस्तक मात्र माहितीचं पुस्तक म्हणून निघालं होतं. लंडनमध्ये खुर्चीत बसून पान उलटणाऱ्याला वाटणार, ही माणसं तिथे, त्या जागी, अशीच उभी असतात. जात, पेहराव, ठिकाण या सगळ्यांचं एक घट्ट चित्र त्याच्या मनात पक्कं होणार. कात्री दोघांनीही चालवली. फोटोखालच्या मजकुराने एकाची कला झाली आणि दुसऱ्याचा पुरावा.

जोडकामाइतकीच जुनी दुसरी कला रिटचिंगची. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो ठेवले होते, एक हात न लावलेल्या निगेटिव्हचा आणि एक निगेटिव्ह सुधारून काढलेला. पाहणारे थक्क झाले आणि त्यानंतर जगभर कुणालाच स्वतःच्या सुरकुत्या नकोशा झाल्या.

आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत प्रत्येक बऱ्या स्टुडिओत रिटचर असे. खिडकीपाशी उतरतं लाकडी मेज, मधे भोक, खालून आरशाने परतवलेला उजेड आणि भोकावर निगेटिव्ह. तिच्यावर चिकट द्रावाचा हात फिरवायचा म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलचं टोक सुईसारखं लांब. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, म्हणून चेहऱ्यावरची सुरकुती तिथे पारदर्शक रेघ दिसते. ती बारीक बारीक ठिपक्यांनी भरायची. जास्त भरली तर छापल्यावर पांढरा डाग, कमी भरली तर सुरकुती तशीच. चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा होऊ न देणं हीच खरी कारागिरी होती. नव्या विद्यार्थ्यांना संगणकावर हे भान यायला वेळ लागतो. ‘हीलिंग ब्रश’ २००२ सालच्या आवृत्तीत आला आणि पुढची काही वर्षं लग्नाच्या अल्बममधल्या आज्याही पंचविशीच्या दिसायला लागल्या.

पण या रिटचरकडे येणारं सगळ्यात अवघड काम निराळंच असे. घरातलं माणूस गेलेलं असायचं आणि त्याचा एकटा असा फोटोच नसायचा. असायचा तो कुणाच्या तरी लग्नातला समूहाचा, तिसऱ्या रांगेत उजवीकडून चौथा, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या टोपीआड. तेवढाच चेहरा मोठा करायचा, झाकलेला कान काढायचा, मळक्या सदऱ्याऐवजी कोट घालायचा आणि मागे साधं करडं आभाळ द्यायचं. कधी फोटो मरणानंतर घेतलेला असे, तिथे मिटलेले डोळे उघडे करून द्यावे लागत. कधी तरुणपणीच गेलेल्या बायकोचा फोटो म्हाताऱ्या नवऱ्याच्या फोटोशेजारी बसवून जोडफोटो करायचा, आयुष्यात एकदाही शेजारी बसून न काढलेला. राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चित्रकार तर श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात भक्तांचे फोटोतले चेहरे कापून चिकटवत आणि उरलेलं शरीर रंगवत.

हा कोट त्या माणसाने कधी घातला नव्हता, हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं. फसवणूक कुणाचीच नाही. डिजिटल इमेजिंग शिकून गावात दुकान टाकणाऱ्या मुलाकडे आजही असं काम येतं, मोबाइलवर पाठवलेल्या धुरकट फोटोवरून. शाळेत शिकवलेली सगळी तंत्रं तिथे लागतात आणि समोर माणूस बसलेला असतो, जो म्हणतो, आईचं कुंकू जरा मोठं असायचं. या कामाला कुठल्याच अभ्यासक्रमात धडा नाही, आणि असायला हवा असं माझं मत आहे.

दादासाहेब फाळके यांचा उल्लेख इथे यायलाच हवा. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते आधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि मग बडोद्याचं कलाभवन इथले विद्यार्थी, नंतर छायाचित्रकार आणि छपाईवाले. निगेटिव्हवर एकदा उजेड पाडून झाल्यावर पुन्हा दुसरं दृश्य टिपलं तर काय होतं, हे त्यांना कॅमेरा फिरू लागण्याआधीच ठाऊक होतं. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके आधी आपल्या लेकीचा चेहरा दाखवतात, तिचे हावभाव दाखवतात, आणि मग तीच मुलगी पडद्यावर विरघळत कृष्ण होते. जादू दाखवण्याआधी जादूगाराने आपली टोपी उलटी करून दाखवली. तरी प्रेक्षकांनी हात जोडले ते जोडलेच.

संगणकाच्या पडद्यावर ही सगळी कारागिरी कशी आली, ती गोष्टही एका विद्यार्थ्याचीच आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टॉमस नोल हा तरुण डॉक्टरेटसाठी काम करत होता. त्याचे वडील प्राध्यापक, पण घराच्या तळघरात त्यांची डार्करूम. रंगांचा तोल साधणं, उजेड-अंधाराचा मेळ घालणं हे टॉमस लहानपणीच तिथे शिकला होता. १९८७ साली त्याच्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर फक्त काळे आणि पांढरे ठिपके उमटत, करड्या छटा दिसत नसत. त्या दिसाव्यात म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन सिनेमातल्या दृश्यचमत्कारांच्या कंपनीत कामाला होता, त्याने म्हटलं, यात आणखी भर घाल. दाखवायला चित्र लागे म्हणून जॉनने बोरा बोरा बेटावर काढलेला एक फोटो वापरला जाई, समुद्राकडे तोंड करून वाळूत बसलेल्या त्याच्या मैत्रिणीचा, जी नंतर त्याची बायको झाली. या प्रोग्रॅमने कापून दुप्पट केलेली बहुधा ती पहिली व्यक्ती. फेब्रुवारी १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने ‘फोटोशॉप’ बाजारात आणलं. लेयर मात्र आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर जोडकाम रेलँडरसारखंच होतं. एकदा बसवलं की बसलं.

आता दुसरी बाजू. १९३७ साली मॉस्कोच्या कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव चालतो आहे, असा एक फोटो आहे. १९४० साली येझोवला गोळी घातली गेली आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या त्याच फोटोत त्याच्या जागी नुसतं पाणी दिसतं. सुरकुती पुसणारं जे हत्यार, त्यानेच माणूस पुसला.

सगळीच प्रकरणं इतकी भयंकर नसतात. १९८२च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने आडव्या फोटोतले गीझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले आणि बराच गदारोळ झाला. अजून फोटोशॉप जन्मायचं होतं. १९९४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर बराच काळवंडून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो मूळ छटेत छापला होता. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले आणि कृष्णवर्णीय आरोपीला आणखी काळा कशासाठी केला, हा प्रश्न विचारला गेला.

विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त शिकवणारं प्रकरण २००६चं. लेबनॉनच्या युद्धात बैरुतवर उठलेल्या धुराचा एक फोटो रॉयटर्स वृत्तसंस्थेने पाठवला. वाचकांपैकी काहींच्या लक्षात आलं की धुराचे लोट नक्षीसारखे आहेत, तोच गोळा पुन्हा पुन्हा. ‘क्लोन स्टँप’ नावाच्या हत्याराने एका जागचा धूर उचलून दुसरीकडे ठसवला होता. संस्थेने त्या छायाचित्रकाराचे तब्बल ९२० फोटो विक्रीतून काढून घेतले. बॉम्ब पडला होता, धूरही खरा होता. थोडा जास्त दिसावा एवढ्या मोहापायी त्याच्या बाकीच्या सगळ्या कामावरचा विश्वास गेला. त्या धुरात कोण मेलं, याची चर्चा मागे पडली आणि ठशांची पुढे आली. खोट्या फोटोचं हे नुकसान कुणी मोजत नाही.

२०२३ पासून फोटोशॉपमध्येच नुसतं वाक्य लिहून रिकाम्या जागी हवी ती वस्तू भरून मिळते. मखमल नको, पेन्सिल नको, ढगही जपून ठेवायला नकोत. दुसरीकडे फोटोत कुठे, काय बदललं याची नोंद फोटोसोबतच राहावी, यासाठी २०२१ मध्ये अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरे एकत्र आले आणि तशा नोंदीचा एक प्रमाण नमुना त्यांनी तयार केला. ही नोंद म्हणजे रेलँडरने सोसायटीपुढे उभं राहून जे सांगितलं, तेच फाइलमध्ये लिहून ठेवणं.

वर्गातला माझा आवडता स्वाध्याय साधा आहे. दोन निरनिराळ्या वेळी काढलेले स्वतःचेच फोटो जोडायचे आणि खाली, एका ओळीत, काय केलं ते लिहायचं. जोडून झाल्यावर शेवटी एक आज्ञा येते, ‘फ्लॅटन इमेज’. ती दिली आणि फाइल जतन केली की सगळे लेयर एक होतात, पुन्हा सुटे करता येत नाहीत. ती देण्याआधी मी मुलांना जॉन्सनच्या पुस्तकातली मुंबई पडद्यावर दाखवतो आणि विचारतो, या माणसांचे पाय त्या जमिनीला टेकले आहेत का? सावल्या कुठल्या बाजूला पडल्या आहेत? मागचं क्षितिज त्यांच्या डोळ्यांच्या उंचीशी जुळतं का? मुलं खुर्च्या पुढे ओढतात आणि कडा शोधायला लागतात.